बीजिंगचं अर्धं काम सोलापुरातच उरकायचं

सप्रेम नमस्कार.
मी ६१ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेय. माझे मिस्टर ६६ वर्षांचे, शाळेत इतिहास शिकवायचे. आम्ही दोघं सोलापूरला असतो, मुलगी पुण्यात. थायलंड आणि सिंगापूर टूरबरोबर पाहून झालं. या वर्षी दिवाळी आटोपली की नोव्हेंबरच्या मध्याला चीनला जायचं ठरवतोय, आणि या खेपेला टूरच्या झेंड्यामागे धावायचं नाही, असं ह्यांनी जाहीर केलंय. बारा दिवसांत बीजिंग, शिआन, शांघाय, ग्वांगझो आणि हाँगकाँग असा बेत आहे. मुलगी म्हणते, तिथे गूगल नाही, व्हॉट्सॲप नाही, तुम्ही हरवलात तर मी काय करू? नणंद म्हणते, इतके देश पडलेत, चीनलाच कशाला? आम्ही शाकाहारी, हे अंडं खातात, मी तेही नाही. चिनी भाषेचा एक शब्द येत नाही. आणि ह्यांची एक इच्छा आहे, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी बघायची. ते जमेल का? मुळात आम्हा दोघांना हे झेपेल का?
— एक वाचक, सोलापूर

ताई, झेपेल. अगदी नीट झेपेल, आणि सरांची इच्छाही पूर्ण होईल.

चीनच्या मोठ्या शहरांत फिरणं अंगाला त्रासाचं नाही. मेट्रोच्या पाट्या इंग्रजीतही असतात, गाड्या वेळेवर सुटतात, रात्री दहाला दोघं रस्त्यानं चालत हॉटेलवर आलात तरी भीती वाटत नाही. अवघड काय आहे, तर तिथला सगळा व्यवहार फोन आणि पासपोर्ट या दोन गोष्टींना बांधलेला आहे, आणि आपल्या हाताला सवय आहे तो फोन तिथे चालत नाही. गूगल बंद, व्हॉट्सॲप बंद, यूट्यूब बंद. आपलं यूपीआयही तिथे उपयोगाचं नाही. हे विमानतळावर उतरल्यावर कळलं तर माणूस रडकुंडीला येतो. हेच घरी बसून, चहा घेत, मुलीला शेजारी बसवून आठ-पंधरा दिवस आधी उरकलं तर पुढचे बारा दिवस सुखाचे जातात. म्हणून या उत्तरात मी प्रेक्षणीय स्थळांपेक्षा या तयारीबद्दलच जास्त लिहिणार आहे.

पण आधी बेताला कात्री लावू या. ग्वांगझो आणि हाँगकाँग काढून टाका. हाँगकाँगला जाणं म्हणजे मुख्य चीनमधून बाहेर पडणं. त्याचे प्रवेशाचे नियम वेगळे, भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, चलनही वेगळं. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिकडून परत चीनमध्ये येता येत नाही. बारा दिवसांत पाच शहरं केलीत तर तुम्ही शहरं बघणारच नाही, फक्त स्टेशनं बघाल. बीजिंगला पाच रात्री, शिआनला तीन, शांघायला तीन. बीजिंगला उतरा आणि शांघायहून परत या, म्हणजे उलटं फिरावं लागत नाही. मुंबईहून सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गे जाता येतं. भारत-चीन थेट विमानं पाचेक वर्षांच्या खंडानंतर २०२५ च्या ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली आहेत, पण ती आधी कोलकाता आणि दिल्लीहून. तेव्हा तिकीट काढताना दोन्ही वाटा ताडून बघा, आणि मधल्या विमानतळावर निदान तीन तास हाताशी ठेवा.

नोव्हेंबरचा मध्य तुम्ही अगदी योग्य निवडला आहे. १ ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुट्टीच्या आठवड्यात आणि मे महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत अख्खा देश प्रवासाला निघतो. तेव्हा तिकडे फिरकू नये. नोव्हेंबरात बीजिंगमध्ये गर्दी कमी, हवा कोरडी, दिवसा दहा अंशांच्या आसपास आणि रात्री शून्याजवळ. १५ नोव्हेंबरला तिथे शहराची सामायिक उष्णता व्यवस्था सुरू होते, त्यामुळे खोलीत उबदार असतं. शांघाय मात्र दक्षिणेकडच्या भागात मोडतं, तिथे ती सोय नाही. बाहेर थंडी कमी पण दमट. सोलापूरच्या माणसाला हे गार लागणारच. आतून थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी एवढं न्या. जड कोट नको.

व्हिसासाठी मुंबईला चीनचं व्हिसा केंद्र आहे. अर्ज आधी ऑनलाइन भरायचा असतो. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी, कोरी पानं हवीत, फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर ३३ बाय ४८ मिलिमीटरचा. सोबत जाण्यायेण्याचं विमान आणि सगळ्या रात्रींचं हॉटेल आरक्षण दाखवावं लागतं, म्हणून हॉटेलं अशी घ्या की जी फुकट रद्द करता येतात. आरक्षण करतानाच हॉटेल परदेशी पाहुणे घेतं का, हे परीक्षणांत वाचून पक्कं करा. प्रत्येक परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेलात उतरलात तर ते काम हॉटेलच करतं. घरगुती मुक्काम घेतलात तर चोवीस तासांत ते तुम्हाला करावं लागतं, म्हणून पहिल्या सहलीला हॉटेलच बरं. आणि निघण्याआधी आगमन पत्रिकाही ऑनलाइन भरून टाका, म्हणजे उतरल्यावर चष्मा शोधत उभं राहायला नको.

आता फोन. मुलीची काळजी इथेच मिटते. चीनमधलं बंधन हे तिथल्या इंटरनेटवर आहे. तुमचं भारतातलं सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगवर असेल, तर त्याचा डेटा भारतातल्या कंपनीकडून फिरून येतो, आणि व्हॉट्सॲप, गूगल नेहमीसारखं चालतं. प्रवासासाठी मिळणारी बहुतेक परदेशी ई-सिमही, म्हणजे फोनमध्येच उतरवून घ्यायची सिम, याच पद्धतीनं चालतात. बंद पडतं ते हॉटेलच्या वायफायवर. म्हणजे रात्री मुलीला व्हिडिओ कॉल करताना वायफाय बंद करायचं आणि रोमिंग चालू ठेवायचं. हे एवढं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या कव्हरमध्ये घाला, कारण हॉटेलवर पोचलं की फोन आपोआप वायफाय पकडतो आणि मग «फोन बिघडला» असं वाटतं. ई-सिम घेतलंत तरी भारतातलं सिम फोनमध्ये चालू राहू द्या. बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येणार.

नकाशासाठी गूगलवर विसंबू नका, तो उघडला तरी. चीनमध्ये नकाशाची मोजणी मुद्दाम वेगळ्या पद्धतीनं केलेली असते, त्यामुळे गूगलवर तुम्ही उभे असता एका रस्त्यावर आणि खूण दिसते भलतीकडे. तिथले लोक गाओदे नावाचं ॲप वापरतात, त्याला एमॅपही म्हणतात. त्यात आता इंग्रजी आहे. आयफोन असेल तर ॲपलचा नकाशाही तिथे चांगला चालतो. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही चालेल. कॅमेरा मेनूवर धरला की इंग्रजी दिसतं, हा सराव घरी करून बघा.

पैशांचं सांगते. तिथे भाजीवालीपासून मॉलपर्यंत सगळे अलीपे किंवा वीचॅट या फोनवरच्या ॲपवर पैसे घेतात. अलीपेवर परदेशी माणसाला आपल्या मोबाइल नंबरवर खातं उघडता येतं, पासपोर्टची ओळख देता येते आणि ‘व्हिसा’ किंवा ‘मास्टरकार्ड’ कंपनीचं बँकेचं कार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर जादा शुल्क नाही. त्यावर गेलं की तीन टक्के लागतात. एक युआन म्हणजे सध्या बारा-तेरा रुपये धरा. सगळी जोडणी इथेच करा, कारण कार्ड जोडताना ओटीपी लागतो आणि पासपोर्टची तपासणी व्हायला वेळ जाऊ शकतो. तुम्ही बँकेत होतात, तेव्हा हे तुम्हाला सांगायला नको, तरी सांगते: कार्डावरचे परदेशातले व्यवहार, दुकानातले आणि ऑनलाइन दोन्ही, बँकेच्या ॲपमधून चालू करा आणि मर्यादा वाढवून ठेवा. बहुतेकांचं अडतं ते याच एका बटणापाशी.

आणि हे काम दोघांच्याही फोनवर करायचं. अलीपे तुमच्याकडे वेगळं, सरांकडे वेगळं. तुमच्या फोनवर एका बँकेचं कार्ड, त्यांच्या फोनवर दुसऱ्या बँकेचं. जोडप्यानं प्रवास करताना सगळं एकाच फोनमध्ये आणि दुसरा नुसता सोबत, ही आपल्याकडची रीत तिथे घात करते. एक फोन पडला, हरवला, चार्ज संपला, की दोघंही अडकतात. शिवाय गर्दीत चुकामूक झाली तर ज्याच्याकडे फोन नाही तो मेट्रोचं तिकीटसुद्धा सहज काढू शकत नाही. सरांना फोनचा कंटाळा असेल तर निघण्याआधी महिनाभर त्यांच्याकडूनच सगळी बिलं भरून घ्या.

रोख अजिबात नको असं नाही. हजारेक युआन जवळ ठेवा, त्यातही सुटे. सर्वांत मोठी नोट १०० ची असते. कायद्यानं दुकानदाराला रोख नाकारता येत नाही, फक्त सुटे द्यायला त्याची पंचाईत होते. बक्षिशी देण्याची पद्धत नाही.

फोनवर एवढा भार, म्हणून चार्जिंगची चिंता येते. पॉवर बँक नेत असाल तर हे लक्षात ठेवा: २८ जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत तिथली ‘थ्री-सी’ ही सुरक्षेची खूण नसलेली पॉवर बँक चालत नाही, आणि आपल्याकडे घेतलेल्यांवर ती खूण बहुतेक नसतेच. सुरक्षा तपासणीत काढून घेतात. पण दुकानांत, उपाहारगृहांत भाड्यानं मिळणाऱ्या पॉवर बँका ठेवलेल्या असतात, अलीपेनं स्कॅन करून घ्यायच्या आणि दुसरीकडे कुठेही परत ठेवायच्या. भिंतीतल्या सॉकेटसाठी चपट्या पिनांचा ॲडॅप्टर न्या. वीज २२० व्होल्टची, जवळजवळ आपल्यासारखीच आहे.

शहरा-शहरांतला प्रवास मी तुम्हाला रेल्वेनंच करायला सांगेन. बीजिंग ते शांघाय १,३१८ किलोमीटर अंतर सर्वांत वेगवान गाडी साडेचार तासांच्या आत कापते. तुमच्या बीजिंग-शिआन टप्प्याला गाडीप्रमाणे साडेचार ते सहा तास लागतील. शिआनहून शांघायला सहा-सात तास. तिथे विमानही आहे, पण विमानतळाची जा-ये धरली तर फरक फारसा उरत नाही, आणि खिडकीतून देश दिसतो तो वेगळाच. आरक्षण प्रवासाच्या पंधरा दिवस आधी उघडतं. रेल्वेचं स्वतःचं ॲप १२३०६ या नावाचं आहे, त्याला इंग्रजी आहे. ते किचकट वाटलं तर ट्रिप डॉट कॉमवरून थोडं शुल्क देऊन काढा. छापील तिकीट मिळत नाही, पासपोर्ट हेच तिकीट. म्हणून पासपोर्टचा क्रमांक टाकताना एकानं वाचायचा आणि दुसऱ्यानं ताडून बघायचा. फाटकावर यंत्रानं पासपोर्ट वाचला नाही, तर बाजूला माणूस बसलेला असतो, त्याच्याकडे जायचं.

दोन गोष्टी स्टेशनबद्दल. एकाच शहरात चार-पाच मोठी स्टेशनं असतात आणि ती एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर असू शकतात. बीजिंग पश्चिम वेगळं, बीजिंग दक्षिण वेगळं. तिकिटावरचं पूर्ण नाव बघितल्याशिवाय हॉटेलातून निघू नका. आणि ही स्टेशनं विमानतळाएवढी आहेत, आत जाताना सामानाची तपासणी होते, सुटण्याच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं. तासभर आधी पोचा. पर्समध्ये अडकित्ता, सुरी, मोठी कात्री असेल तर ती तिथेच राहील. मेट्रोतही प्रत्येक स्टेशनवर पिशवी यंत्रातून जाते. चिडायचं नाही, सगळ्यांचीच जाते. मेट्रोचं भाडं बीजिंग-शांघायला ३ युआनपासून सुरू होतं आणि अलीपेतल्या प्रवासाच्या कोडवर फाटक उघडतं. टॅक्सीसाठी दीदी नावाची सेवा अलीपेच्या आतच आहे. मोठ्या स्टेशनबाहेर मात्र दीदीची गाडी नेमकी कुठे उभी आहे ते सापडता सापडत नाही. तिथे अधिकृत टॅक्सीची रांग धरा, आणि जवळ येऊन «टॅक्सी, टॅक्सी» म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

बीजिंगमधल्या राजवाड्याचं, म्हणजे ‘निषिद्ध नगरी’चं तिकीट दारावर मिळेल या भरवशावर राहू नका. सात दिवस आधी आरक्षण उघडतं, तिथल्या रात्री आठला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला. सोमवारी ती बंद असते. नोव्हेंबरात तिकीट ४० युआन. दक्षिणेच्या दारातून आत जायचं आणि उत्तरेकडून बाहेर पडायचं. मधे जवळजवळ एक किलोमीटर लांबीचं आवार आहे, सगळा दगडी फरशीचा. गुडघ्याचा पट्टा असेल तर बांधूनच जा, आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. समोरच्या तिआनमेन चौकासाठीही आधी नोंदणी लागते. चीनची भिंत बघायला तिच्या बादालिंग या भागाऐवजी मुथियान्यूला जा. शहरापासून सत्तरेक किलोमीटर, गर्दी कमी, आणि वर जायला केबल कार आहे.

पण मला विचाराल तर बीजिंगमध्ये तुम्ही एक सकाळ स्वर्गमंदिराच्या बागेत घालवाच. साडेसात-आठला जा. तिथे तुमच्या वयाची शेकडो माणसं असतात. कुणी पत्ते कुटतंय, कुणी ‘ताईची’ नावाचा संथ व्यायाम करतंय, बायकांचा घोळका गाणी लावून नाचतोय, एखादे आजोबा ओल्या कुंच्यानं फरशीवर अक्षरं गिरवताहेत. ते तुम्हाला बोलावतील, तुमच्या साडीकडे किंवा टिकलीकडे बघून हसतील, फोटो मागतील. तासभर बसा त्यांच्यात. सवलतीचंही तिथे आणि सगळीकडेच विचारा. काही ठिकाणी ज्येष्ठांना तिकीट कमी असतं, पासपोर्ट पुढे करायचा.

सरांची इच्छा. डॉ. कोटणीसांची समाधी शिजियाझुआंगला आहे, हपै प्रांताच्या राजधानीत, उत्तर चीनच्या लष्करी हुतात्मा स्मशानभूमीत. बीजिंग पश्चिम स्टेशनवरून वेगवान गाडीनं सव्वा तासाच्या आसपास लागतो. सकाळी निघून संध्याकाळी आरामात परत येता येतं, म्हणूनच मी बीजिंगला पाच रात्री ठेवल्या. सोलापुरात जन्मलेला, मुंबईत डॉक्टर झालेला हा माणूस १९३८ मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, युद्धाच्या धामधुमीत शस्त्रक्रिया करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारला, वयाच्या ३२ व्या वर्षी. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही समाधी त्याच आवारात आहे; त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस प्रमुख होते. चिनी लोक कोटणीसांना ‘के दीहुआ’ म्हणून ओळखतात. स्मशानभूमीचं नाव आणि हे नाव चिनी लिपीत हॉटेलच्या माणसाकडून फोनवर लिहून घ्या, टॅक्सीवाल्याला तेच दाखवा. त्या दिवशी आवार किती वाजेपर्यंत उघडं आहे, तेही हॉटेललाच फोन करून विचारायला सांगा. फुलं तिथे घ्या. इथून ताजी फुलं-फळं नेता येत नाहीत. आणि तिथल्या माणसांना सांगा, आम्ही त्यांच्याच गावचे. भाषांतराच्या ॲपवर हे एक वाक्य आधीच तयार ठेवा. नणंदेच्या प्रश्नाला माझ्यापाशी याहून चांगलं उत्तर नाही.

शिआनमध्ये मातीचं सैन्य, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीसाठी घडवलेले सैनिकांचे पुतळे, बघालच. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलं ते. शहरापासून चाळीसेक किलोमीटर. सकाळी लवकर पोचा आणि पुतळ्यांचा पहिला खड्डा सावकाश बघा, मोठे गट तिथेच कोंडी करतात. पण इतिहासाच्या शिक्षकाला मी तिथल्या महाहंस पॅगोड्यापाशी जास्त वेळ द्यायला सांगेन. सरांनी मुलांना शिकवलेला ह्युएन त्संग भारतातून ग्रंथ घेऊन परतला तो याच शहरात, आणि ते ग्रंथ ठेवायला ६५२ मध्ये हा पॅगोडा उभा राहिला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातही येऊन गेला होता. इथली माणसं मानी आहेत, उपकाराची जाण ठेवतात आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलंय. संध्याकाळी शहराच्या तटावर जा. सुमारे चौदा किलोमीटरचा पूर्ण वेढा आहे. वर भाड्यानं सायकली मिळतात, चालायचं तर एका दारापासून दुसऱ्यापर्यंत पुरे.

आता जेवण, कारण तुमची खरी परीक्षा इथे आहे. तिथे «मांस नको» एवढं सांगून भागत नाही. मांसाचे तुकडे काढून टाकतात, पण रस्सा हाडांचा, तेलात डुकराची चरबी किंवा भाजीवर ऑयस्टर सॉस, म्हणजे शिंपल्यांचा सॉस, असू शकतो. मापो टोफूत बहुधा खिमा असतो. सुक्या परतलेल्या फरसबीतही असतो, आणि वांग्याच्या चांगल्या दिसणाऱ्या भाजीतसुद्धा. ‘वो छ सू’, म्हणजे मी शाकाहारी खाते, हे तीन शब्द पाठ करा, पण बोलण्यावर भिस्त ठेवू नका. मुलीकडून चिनी लिपीत एक चिठ्ठी छापून घ्या: मांस, मासे, कोंबडी, अंडं, प्राण्याची चरबी, हाडांचं पाणी, ऑयस्टर सॉस, चिकन पावडर, यातलं काही नको, भाज्या, टोफू, भात, नूडल्स चालतील. सरांसाठी वेगळी चिठ्ठी, तीत अंडं चालेल असं लिहून. वेटरला बोलून नव्हे, चिठ्ठी वाचायला देऊन मागवायचं. बहुतेक वेळा ती आत स्वयंपाक्याला नेऊन दाखवतात.

मागवायचं काय? बटाट्याचा बारीक कीस आंबट-तिखट परतलेला असतो, तो आपल्या जिभेला लगेच आवडतो. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीची ‘ती सान श्येन’ नावाची भाजी उत्तरेत सगळीकडे मिळते. लसूण घालून परतलेली हिरवी पालेभाजी कुठेही. शिआनमध्ये ल्यांगफी नावाच्या थंड, रुंद नूडल्स मिळतात, तिखट तेल आणि व्हिनेगर घातलेल्या, त्या खा. आणि प्रत्येक शहरात बौद्ध पद्धतीची शुद्ध शाकाहारी उपाहारगृहं असतात, विशेषतः मोठ्या मंदिरांजवळ. बीजिंगमध्ये युंगहगुंग या लामा मंदिराच्या परिसरात शोधा. शांघायमध्ये गुंगतलीन हे १९२२ पासूनचं शाकाहारी उपाहारगृह आहे. बौद्ध परंपरेतल्या या स्वयंपाकात कांदा-लसूणही घालत नाहीत. तिथे ताटात मासा किंवा बदक दिसलं तर दचकू नका. सोया आणि टोफूपासून ते घडवलेलं असतं. त्यांचा तो मानाचा पाहुणचार आहे. दिवसातलं एक जेवण अशा ठिकाणी ठरवलंत तर बाकीचा दिवस कसाही निभतो.

निभावण्यासाठी तुमच्या गावाकडेच उत्तम शिदोरी आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सीलबंद पाकिटांत न्या. उकळतं पाणी चीनमध्ये सगळीकडे फुकट मिळतं: स्टेशनवर, रेल्वेच्या डब्यात, विमानतळावर. झाकणाचा स्टीलचा डबा आणि थर्मास जवळ असला की पाकिटातला उपमा, पोहे, चहा गाडीतच होतो, आणि शेजारचे लोकही त्याच नळावर आपल्या नूडल्स भिजवत असतात. दूध-दुधाचे पदार्थ, ताजी फळं, भाज्या नेऊ नका. नळाचं पाणी तसंच प्यायचं नाही. जेवणाच्या वेळा लवकरच्या आहेत. दुपारी साडेअकरा ते एक आणि संध्याकाळी सहा-सात. आपल्यासारखं नऊला निघालात तर लहान ठिकाणी चूल विझलेली असेल.

शांघायबद्दल थोडंच लिहिते, कारण ते शहर स्वतःच सगळं दाखवतं. संध्याकाळी नदीकाठच्या ‘बंड’ नावाच्या रस्त्यावर जा, पण दहाच्या आत, नंतर दिवे मालवतात. तिथे हिरव्या उतरत्या छपराची इमारत दिसेल, पूर्वीचं ससून हाऊस, १९२९ चं. पुण्याचं ससून रुग्णालय आणि मुंबईची ससून गोदी ज्यांच्या नावाची, त्याच घराण्यातल्या व्हिक्टर ससूननं ती बांधली. त्याच परिसरात एक सावधगिरी बाळगा. नीटनेटके, छान इंग्रजी बोलणारे तरुण गप्पा मारतात आणि «पारंपरिक चहा प्यायला चला» म्हणतात. चहा होतो आणि बिल येतं हजारोंचं. बीजिंगच्या वांगफुचिंग या बाजाराच्या रस्त्यावरही हेच चालतं. हसून नाही म्हणायचं आणि पुढे जायचं.

आपल्याला तिथे वाईट वागवतील का, ही धाकधूक पत्रात तुम्ही लिहिली नाही, पण नणंदेच्या प्रश्नात ती आहे. सरकारं आपापसांत जे बोलतात ते तुमच्या वाट्याला येत नाही. ‘यिंदू’ म्हणजे भारत, एवढं सांगितलं की समोरचा आमिर खानचं नाव घेतो. सीमेवर, राजकारणावर वाद घालू नका, पोलिसांचे आणि सैनिकांचे फोटो काढू नका. बाकी आपण जसे पाहुण्याशी वागतो तसेच ते वागतात, थोडे मोठ्यानं बोलतात इतकंच.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या, बारा नव्हे तर अठरा दिवसांची. प्रवास विमा काढा आणि त्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का, ते ओळ न् ओळ वाचा. पर्समध्ये टिश्यू पेपर आणि पाण्याची छोटी बाटली कायम असू द्या. सार्वजनिक स्वच्छतागृहं जागोजागी आहेत, पण आत कागद किंवा पाणी असेलच असं नाही. पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०. आपला दूतावास बीजिंगला आहे आणि शांघायला वाणिज्य दूतावास. हे सगळे क्रमांक, तिन्ही हॉटेलांची नावं-पत्ते चिनी लिपीत, पासपोर्टची प्रत आणि मुलीचा नंबर, असं एका कागदावर छापून घ्या. दोन प्रती काढा आणि दोघांच्या खिशात वेगवेगळ्या ठेवा.